झिजलेला शाफ्ट लेझर क्लॅडिंगने भरायचा असेल तर

नाशिककडच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या वर्कशॉपमध्ये शाफ्टची सीट (बेअरिंग किंवा सील बसते ती जागा) झिजून आली की आजवर तीनच वाटा असायच्या. आर्क वेल्डिंगने भरून टर्निंग करायचे, मेटल स्प्रे मारून ग्राइंड करायचे, नाहीतर हार्ड क्रोमला पाठवायचे. लेझर क्लॅडिंग ही चौथी वाट आता बऱ्यापैकी हाताशी आली आहे. तिच्याबद्दल मते मात्र दोन टोकांची ऐकू येतात. एक जण म्हणतो, कशालाही चालते. दुसरा म्हणतो, पैसे गेले आणि महिन्याभरात थर तडकला. दोघेही खरे सांगत असतील. या कामात लेझर प्रत्यक्ष चालू असतो तो अर्धा-पाऊण तास सगळ्यात सोपा. जॉब टिकणार की जाणार हे त्याआधीच ठरलेले असते: झीज का झाली हे विचारताना, टर्निंग करताना, पावडर वाळवताना आणि प्रीहीट देताना, म्हणजे जॉब आधी तापवताना. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये मशीनच्या बटणांपेक्षा या गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

नेमके होते काय

लेझरचा झोत पृष्ठभागावर साधारण २ ते ५ मिमी रुंदीचे वितळलेल्या धातूचे डबके तयार करतो. त्याच डबक्यात नोझलमधून आर्गॉनच्या जोरावर धातूची पावडर येऊन पडते. झोत पुढे सरकतो, मागचे डबके गोठते आणि एक बीड, म्हणजे धातूची उंचवट्यासारखी रेघ, उमटतो. शाफ्ट फिरत राहतो, नोझल पिचप्रमाणे, म्हणजे दर फेरीला ठरलेल्या अंतराने, सरकत राहते, आणि बीडला बीड चढत जाऊन थर तयार होतो. एका फेरीत साधारण अर्धा ते दीड मिमी जाडी सहज मिळते.

मेटल स्प्रेचा थर पृष्ठभागाच्या खडबडीला धरून बसलेला असतो; कडेवर दाब आला की सुटू शकतो. क्लॅडिंगचा थर मूळ धातूशी वितळून जोडलेला असतो. वेल्डिंगही जोडते, पण वेल्डिंगमध्ये मूळ लोखंड भरपूर वितळून वरच्या धातूत मिसळते, ज्याला डायल्यूशन म्हणतात. साध्या आर्क वेल्डिंगमध्ये ते १५ ते ३० टक्के किंवा त्याहूनही जास्त जाते. लेझरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास ठेवता येते, त्यामुळे पहिल्याच थरात पावडरचे गुण मिळतात. शिवाय जॉबमध्ये उष्णता कमी जात असल्याने शाफ्ट वाकण्याची धास्ती कमी होते. कमी होते, संपत नाही.

हे तंत्र काल-परवाचे नाही. रोल्स-रॉइसने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विमान इंजिनाच्या टर्बाइन ब्लेडवर ते वापरायला घेतले होते. आपल्याकडे हैदराबादची एआरसीआय आणि इंदूरचे आरआरकॅट या संस्था लेझर डिपॉझिशनवर बरीच वर्षे काम करत आहेत. छोट्या वर्कशॉपपर्यंत ते उशिरा पोचले, कारण लेझर सोर्स महाग होता. फायबर आणि डायोड लेझर स्वस्त झाले तेव्हा गणित बदलले.

पायरी १: जॉब घ्यायचा का, हे ठरवा

पहिला प्रश्न: झीज का झाली? बेअरिंग फिरल्याने, सील घासल्याने, धूळ-वाळू शिरल्याने की गंजाने? अलाइनमेंट चुकल्याने शाफ्ट खात असेल तर त्यावर कितीही कठीण थर चढवा, तो बेअरिंग खाईल. पार्टीला हे स्पष्ट सांगावे, जमल्यास लेखी.

दुसरा प्रश्न किमतीचा. द्राक्षबागेत फवारणीच्या पंपाचा छोटा शाफ्ट बाजारात तयार मिळतो. त्यावर आर्गॉन, पावडर आणि मशीनचा तास खर्च करणे वेडेपणा आहे. उलट साखर कारखान्याच्या गिअरबॉक्सचा लांब शाफ्ट, मोठ्या पंपाची स्लीव्ह, एक्स्ट्रूडरचा स्क्रू, प्रेसचा रॅम किंवा फोर्जिंग डाय ज्यांना नवीन बनवायला आठवडे लागतात, तिथे क्लॅडिंगचा खरा उपयोग. नव्या भागाची किंमत आणि लाइन बंद राहिल्याचे नुकसान यांची बेरीज समोर ठेवून निर्णय घ्या.

तिसरा प्रश्न धोक्याचा. क्लॅडिंगनंतर थरात ओढीचा ताण उरू शकतो, त्यामुळे सतत वाकणाऱ्या-फिरणाऱ्या शाफ्टची फटीग ताकद (वारंवार येणारा ताण सोसण्याची क्षमता) घटते. व्यास बदलतो त्या फिलेटपाशी थराची कड कधीही संपवू नये. ती कमी ताणाच्या सरळ भागावर न्यावी. शाफ्टच्या गाभ्यात जाणारा क्रॅक दिसला तर क्लॅडिंगने तो झाकला जातो, बरा होत नाही. असा जॉब परत पाठवावा.

पायरी २: मूळ धातू ओळखा

'ईएन-८ (मध्यम कार्बनचे साधे स्टील) असेल' या वाक्यावर विसंबून कित्येक जॉब तडकले आहेत. टेस्ट सर्टिफिकेट मिळाले तर उत्तम; नाहीतर अंबड-सातपूरकडच्या एखाद्या लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे याची तपासणी) करून घ्या. रासायनिक विश्लेषण हाती आले की कार्बन इक्विव्हॅलंट काढा; स्टील तडकण्याची भीती किती, हे त्या आकड्यावरून कळते. मँगनीजची टक्केवारी भागिले ६. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांची बेरीज भागिले ५. निकेल आणि तांबे यांची बेरीज भागिले १५. हे सगळे कार्बनमध्ये मिळवायचे. कार्बन ०.४० आणि मँगनीज ०.८० असलेल्या ईएन-८ चा आकडा ०.५३ च्या आसपास येतो. ईएन-२४ (निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचे स्टील) चा जवळजवळ ०.९ येतो. ०.४ च्या आत असेल तर बहुधा प्रीहीटशिवाय भागते. ०.५ च्या पुढे प्रीहीट लागतेच असे धरून चाला.

काही पृष्ठभाग तर आधीच बाद करावे लागतात. नायट्रायडिंग केलेला थर तसाच ठेवला तर वितळताना नायट्रोजन बाहेर पडतो आणि क्लॅडिंग पोकळ्यांनी भरते. तो थर टर्न करून पूर्ण काढा. जुना हार्ड क्रोम, जुना मेटल स्प्रे, जस्ताचा मुलामा, सगळे काढा. गंधक किंवा शिसे मिसळलेले फ्री-कटिंग स्टील मशीनिंगला गोड, पण क्लॅडिंगला तापदायक; गोठताना तडे जातात. इंडक्शन हार्डन केलेल्या जर्नलवर (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कठीण थर काढून खालच्या मऊ गाभ्यावर काम करणे बरे. कास्ट आयर्नवरही क्लॅडिंग होते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे; पहिला प्रयोग त्यावर करू नका.

पायरी ३: टर्निंग आणि सफाई

झिजलेल्या जागेवर थेट पावडर सोडायची नाही. खाचा, गंज आणि थकलेला धातू निघेपर्यंत टर्न करून खाली उतरवा. मी एका बाजूला निदान ०.७ ते ०.८ मिमी जागा ठेवायला सांगतो, म्हणजे फिनिशिंगनंतर सगळीकडे सलग थर उरतो. दोन्ही टोकांना सरळ ९० अंशांची पायरी ठेवू नका. तिथे झोत नीट पोचत नाही आणि कोपऱ्यात न जुळलेली फट राहते. ३० ते ४५ अंशांचा उतार द्या, कोपरा गोल करा.

मग डाय पेनिट्रंट टेस्ट, म्हणजे तड्यात लाल रंग मुरवून तो उघड करणारी तपासणी. लाल रेघ दिसली तर आणखी उतरवा. तरी गेली नाही तर पहिल्या पायरीवर परत. टेस्टनंतर पेनिट्रंट आणि डेव्हलपर पुसून पूर्ण काढा. शेवटी ॲसिटोन आणि स्वच्छ पांढरे कापड. कापड काळे येईनासे होईपर्यंत पुसायचे. त्यानंतर हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. ऑइल होल आणि की-वे असतील तर त्यांत ग्रॅफाइटचा तुकडा घट्ट बसवा. सीट शाफ्टच्या अगदी टोकाला असेल तर तिथे माइल्ड स्टीलची रिंग टॅक करून घ्या. टोकाला उष्णतेला पुढे जायला जागा नसते, डबके फुगते आणि कड ओघळते. ते रिंगवर ओघळू द्या, रिंग नंतर कापून टाका.

पायरी ४: पावडर

दुकानदार विचारतो, 'किती एचआरसी पाहिजे?' एचआरसी म्हणजे कडकपणाचे माप. हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कशाने झिजते ते आधी सांगा.

गंज मुख्य असेल आणि कडकपणा फारसा नको असेल तर ३१६एल स्टेनलेस किंवा निकेलचा मिश्रधातू इन्कोनेल ६२५. शाफ्ट-जर्नलच्या साध्या झिजेला ४३१ ही स्टेनलेसची पावडर चांगली बसते; साधारण ५० एचआरसीच्या आसपास कडकपणा मिळतो आणि गंजालाही बऱ्यापैकी टिकते. तापमान आणि धातूला धातू घासणे असेल तर स्टेलाइट-६, म्हणजे कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन आणि सुमारे १ टक्का कार्बन. कडकपणा ४० ते ४५ एचआरसी. व्हॉल्व्हच्या सीटवर हीच वर्षानुवर्षे चालत आली आहे. दणका आणि तापमानातला चढउतार जास्त असेल तर कमी कार्बनची स्टेलाइट-२१ अधिक सोशीक. वाळू, राख, माती यांची घासण असेल तर निकेलच्या मिश्रधातूत टंगस्टन कार्बाइडचे कण. इथे लेझरची ताकद वाढवण्याचा मोह टाळा, कारण कण वितळले की निकेल ठिसूळ होते आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले तोच कण जागेवर राहत नाही. असे थर बऱ्याचदा बारीक तडे घेऊनच येतात. काही कामांत ते चालतात, सील फिरणाऱ्या पृष्ठभागावर चालत नाहीत. हे आधी पार्टीशी बोलून घ्या.

पावडर गॅस ॲटमाइझ्ड, गोल दाण्यांची आणि साधारण ५० ते १५० मायक्रॉनची घ्या. पावडर-बेड थ्रीडी प्रिंटिंगची १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर स्वस्तात मिळाली म्हणून आणली तर फीडरमध्ये अडकेल.

आणि आता नाशिकचा पावसाळा. जून ते सप्टेंबरमध्ये उघड्या बाटलीतली पावडर ओलावा घेते, गुठळ्या होतात, फीड उड्या मारते आणि थरात छिद्रे येतात. पसरट स्टेनलेस ट्रेमध्ये पातळ थर करून १०० ते १२० अंशांवर दोनेक तास वाळवा, कोमट असतानाच फीडरमध्ये भरा. साधी तपासणी हवी असेल तर हॉल फ्लो फनेल घ्या: २.५ मिमी भोकातून ५० ग्रॅम पावडर विनाधक्का, किती सेकंदांत वाहते ते पाहायचे. नव्या बाटलीचा आकडा लिहून ठेवा. नंतर तीच पावडर अडखळू लागली तर काय झाले ते लगेच कळते. खाली सांडलेली पावडर चाळून पुन्हा वापरायची असेल तर वेगळ्या बाटलीत, वेगळ्या लेबलने, आणि महत्त्वाच्या जॉबला नको.

पायरी ५: डोळे आणि फुप्फुसे

हा भाग बहुतेक ठिकाणी शेवटी येतो. तो मशीन सुरू करण्याआधी वाचायचा असतो.

किलोवॅटचा फायबर लेझर वर्ग ४ चा असतो. त्याची तरंगलांबी १०७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही. पण डोळ्याचे भिंग तो आत घेते आणि थेट पडद्यावर एकवटते. पापणी मिटायला जे दिसावे लागते तेच इथे दिसत नाही. थेट झोतच नव्हे, चकाकत्या चकवरून परतलेला झोतही डोळा कायमचा घालवू शकतो. वेल्डिंगची काळी काच हे त्यावरचे उत्तर नाही. चष्म्यावर तुमच्या लेझरची तरंगलांबी आणि ऑप्टिकल डेन्सिटी छापलेली हवी. डेन्सिटी ६ म्हणजे दशलक्षातला एक भागच पलीकडे जातो. तरीही चष्मा ही शेवटची फळी. आधी बंद केबिन, दार उघडताच लेझर बंद करणारा इंटरलॉक, आणि आत पाहायला कॅमेरा. 'पाच मिनिटांचे काम आहे' म्हणून इंटरलॉकला तार जोडणारा माणूस कितीही हुशार असो, त्याला त्या केबिनपासून लांब ठेवा.

कोबाल्ट, निकेल आणि क्रोमियमची धूळ व धूर फुप्फुसांना आणि त्वचेला घातक. नोझलजवळ धूर ओढणारी सक्शन आणि पावडर भरताना पी-३ दर्जाचा मास्क हवा. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. जमिनीवरची पावडर कॉम्प्रेस्ड एअरने उडवू नका, झाडूही नको. धातूच्या धुळीसाठीचा व्हॅक्यूम वापरा. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची पावडर पेट घेते, स्फोटही होतो. अशा आगीवर पाणी मारायचे नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचे डी वर्गाचे एक्स्टिंग्विशर जवळ हवे. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, पिटमध्ये साचतो आणि वास येत नाही, त्यामुळे आत उतरलेला माणूस कळण्याआधीच गुदमरू शकतो.

पायरी ६: आकडे बसवा

उदाहरण घेऊ. ईएन-२४ चा शाफ्ट, तयार व्यास ८० मिमी, सीटची लांबी १५० मिमी. टर्न करून ७८.४ वर आणला. एका बाजूला १.२ मिमी थर चढवायचा, म्हणजे ०.८ मिमी उरेल आणि ०.४ मिमी मशीनिंगला जाईल. पावडर ४३१.

परीघ सुमारे २४६ मिमी. परीघ गुणिले लांबी म्हणजे जवळजवळ ३७,००० चौरस मिमी. गुणिले १.२, म्हणजे सुमारे ४४ घन सेंमी धातू. घनता ७.८ धरली तर ३४६ ग्रॅम. नोझलमधून निघालेली सगळी पावडर डबक्यात पडत नाही; ७५ टक्के पकड धरली तर सुमारे ४६० ग्रॅम पावडर लागेल.

बीडची रुंदी ३ मिमी, निम्मा बीड आधीच्या बीडवर, म्हणून पिच दर फेरीला १.५ मिमी. पृष्ठभागाचा वेग मिनिटाला ८०० मिमी ठेवला तर शाफ्ट ३.२५ आरपीएमने फिरवायचा. १५० मिमीला १०० फेऱ्या, म्हणजे ३१ मिनिटे. पावडर फीड मिनिटाला १५ ग्रॅम. लेझरची ताकद १.८ किलोवॅटच्या आसपास धरून चाचणी सुरू करा. कॅरियर गॅस मिनिटाला ५ लिटर, शील्डिंग १५ लिटर. म्हणजे अख्ख्या जॉबला ६०० लिटरहून थोडा जास्त आर्गॉन. ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये असे दहाएक जॉब निघावेत, पर्जिंग आणि गळती धरून थोडे कमी.

हे सुरुवातीचे आकडे आहेत. तुमच्या मशीनचा स्पॉट, नोझल, पावडर यांनुसार ते हलतील. फीडरच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीत एक मिनिट पावडर धरून वजन करा, तीनदा. तिन्ही वजने जुळली नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही. नोझल आणि झोत एका रेषेत आहेत का तेही बघा: लेझर बंद ठेवून पावडर सोडली की नोझलखाली तिचा शंकू दिसतो, त्याचे निमुळते टोक जॉबच्या पृष्ठभागावर यायला हवे. शंकू एका बाजूला कलला असेल तर नोझलचे एखादे भोक चोंदलेले असते.

पायरी ७: चाचणीचा तुकडा कापून बघा

वेळ वाचवायला लोक नेमकी हीच पायरी गाळतात. शाफ्टच्याच ग्रेडचा, शक्यतो जवळपासच्या व्यासाचा तुकडा घ्या. त्यावर एक सुटा बीड आणि एक चार-पाच सेंमीचा पूर्ण पट्टा चढवा, त्याच प्रीहीटने. मग आडवा कापा, पॉलिश करा, २ टक्के नायटलने (अल्कोहोलमधले नायट्रिक आम्ल) एच करा. ४३१ वर नायटलचा फारसा परिणाम होत नाही, पण खालचे स्टील काळवंडते आणि जोड स्पष्ट दिसतो.

सुट्या बीडची रुंदी उंचीच्या निदान तिप्पट हवी. बीड उंच आणि उभ्या कडांचा असेल तर पुढचा बीड त्याच्या पायथ्याशी पोचत नाही आणि तिथे ओळीने पोकळ्या राहतात. पावडर कमी करा किंवा ताकद वाढवा. जोडावर बारीक काळी रेघ दिसली तर थर नुसता टेकलेला आहे, जुळलेला नाही. असा थर ग्राइंडिंगमध्ये छान चमकतो आणि बसवल्यावर सुटतो. डायल्यूशन मोजायला मूळ धातूत किती खोल वितळले ते पाहा: थर १.५ मिमी उंच आणि खोली ०.०८ मिमी असेल तर ५ टक्के. १० च्या पुढे गेले तर ताकद कमी करा किंवा वेग वाढवा.

जोडाजवळची गोल छिद्रे म्हणजे तेल, ओलावा किंवा उरलेला नायट्राइड थर. पृष्ठभागावर काळपट-निळी झाक म्हणजे शील्डिंग कमी. पण गॅस भरमसाठ वाढवला तरी हेच होते, कारण खळबळ होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. अर्धवट वितळलेले दाणे वर चिकटलेले दिसतात ते साहजिक आहे, टर्निंगमध्ये निघतात.

शेवटी कडकपणा वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्याने मोजा. थराच्या खाली उष्णतेने बदललेल्या पट्ट्यात ईएन-२४ चा कडकपणा ६०० विकर्सच्या वर गेला असेल, तर प्रीहीट कमी पडले. तडा इथूनच सुरू होतो.

पायरी ८: प्रीहीट, क्लॅडिंग, थंड करणे

ईएन-२४ ला २५० अंशांच्या आसपास प्रीहीट द्या. मात्र शाफ्ट मुळात ज्या तापमानावर टेंपर केला होता त्याच्या खाली राहा, नाहीतर सगळा शाफ्टच मऊ पडेल. बर्नर एका जागी धरू नका. शाफ्ट फिरता ठेवा आणि सीटच्या दोन्ही बाजूंना पुढेपर्यंत तापवा. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन खोटे वाचन देते. टेंपरेचर क्रेयॉन किंवा संपर्काचा थर्मोकपल वापरा.

टेलस्टॉककडे लक्ष द्या. १ मीटर लांबीचा शाफ्ट अख्खा २५० अंशांवर गेला तर अडीच मिमीपेक्षा जास्त लांबतो. सेंटर घट्ट आवळलेला असेल तर शाफ्टला वाकण्याशिवाय दुसरी वाट नसते. स्प्रिंगचा रिव्हॉल्व्हिंग सेंटर घ्या किंवा अधूनमधून सैल करत राहा. आणि गरम शाफ्ट थांबवून ठेवायचा नाही. मधेच अडचण आली तरी तो फिरता हवा.

लेझर सुरू झाल्यावर कॅमेऱ्यात डबक्याचा आकार बघत राहा. पहिल्या काही फेऱ्यांत ते जसे दिसते तसेच शेवटपर्यंत दिसायला हवे. शाफ्ट तापत गेला की डबके पसरते आणि डायल्यूशन वाढते. तापमान ३०० च्या पुढे सरकू लागले तर ताकद थोडी उतरवा. अनुभवी ऑपरेटर आवाजावरून ओळखतो: पावडर सलग येत असताना एकसारखी सळसळ असते, फीड तुटला की ती धापा टाकू लागते. तसे झाले तर लगेच थांबवा, कारण पावडर नसताना लेझर फक्त शाफ्ट वितळवत असतो.

संपल्यावर पंखा लावायचा नाही, दार उघडायचे नाही. सिरॅमिक वूलमध्ये गुंडाळून रात्रभर सावकाश थंड होऊ द्या. पार्टीचा माणूस बाहेर टेम्पो घेऊन उभा असला तरीही.

पायरी ९: मशीनिंग आणि तपासणी

पूर्ण थंड झाल्याशिवाय मायक्रोमीटर लावू नका. शाफ्ट बाहेरच्यापेक्षा १०० अंश गरम असेल तर ८० मिमीचा व्यास जवळजवळ ०.१ मिमी मोठा दिसतो. आधी डायल लावून रनआउट (शाफ्ट फिरताना किती डगमगतो ते) घ्या. ४३१ चा थर सीबीएन किंवा चांगल्या कार्बाइड इन्सर्टने टर्न होतो. पहिला कट बीडच्या लाटांवरून अडखळत जातो, म्हणून टूल खोल घाला आणि वेग कमी ठेवा. शेवटचे ०.१ ते ०.१५ मिमी ग्राइंडिंगला ठेवा. टंगस्टन कार्बाइडच्या थराला डायमंड व्हीलच लागतो.

ग्राइंडिंगनंतर पुन्हा डाय पेनिट्रंट. क्लॅडिंगचे तडे बहुधा बीडला आडवे, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जातात. नजर त्या दिशेने फिरवा. ग्राइंडिंगमध्ये जास्त ताप दिल्यानेही तडे येतात, पण ते जाळीदार आणि उथळ असतात.

भाग बनवायचा असेल तर

हेच मशीन थरावर थर चढवून फ्लँज, दात, तुटलेल्या डायचा कोपरा किंवा अख्खा भाग उभा करू शकते. तिथे दोन गोष्टी बदलतात. दर थरानंतर नोझल जितकी वर उचलता तितकीच उंची खरोखर वाढली आहे का, हे दर काही थरांनी मोजावे लागते; तफावत साठत गेली तर पावडरचे टोक डबक्यावर पडत नाही. दुसरे, भिंत उंच होत गेली की उष्णता खाली जायला वेळ लागतो, म्हणून ताकद उतरवत न्यायची किंवा थरांमध्ये थांबायचे. टायटॅनियमला आर्गॉनने भरलेली बंद पेटी हवी, नोझलचे शील्डिंग पुरत नाही. पावडर-बेडइतकी सफाई आणि बारीक आकार इथे मिळत नाहीत. मशीनिंगची जागा आधीच धरा.

आणि हार्ड क्रोमला पर्याय शोधत असाल, म्हणजे हायड्रॉलिक रॉडसारख्या लांब जॉबवर पातळ थर हवा असेल, तर साध्या क्लॅडिंगऐवजी अतिवेगवान प्रकार पाहा. जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत तो विकसित झाला. त्यात पावडर जॉबवर पोचण्याआधीच झोतात वितळते, त्यामुळे पृष्ठभागाचा वेग मिनिटाला दहा-वीस नव्हे तर शंभर-दोनशे मीटरपर्यंत नेता येतो आणि थर मिमीच्या दहाव्या भागाइतका पातळ बसतो. त्याला बारीक पावडर आणि चांगला बॅलन्स असलेले लेथ लागते.

मशीन घेताना, काम बाहेर देताना

मशीन बसवणार असाल तर लेझर गार ठेवणाऱ्या चिलरच्या सेटिंगबद्दल विक्रेता काय म्हणतो ते ऐका आणि मग आपल्या हवेचा विचार करा. जुलैत नाशिकला हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या वर असतो. चिलर २२ वर लावला की ऑप्टिक्सवर दव धरते आणि महागडी काच पहिल्याच झोतात जळते. पावसाळ्यात लेझर सोर्सची केबिन एसीने कोरडी ठेवा आणि उत्पादकाच्या मर्यादेत राहून चिलर दवबिंदूच्या वर ठेवा. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या कोरड्या हवेत दवबिंदू बराच खाली असतो, तेव्हा दवाची भीती नाही. पण तेव्हा चिलरची दमछाक होते, त्याची जाळी दर आठवड्याला साफ करा.

काम बाहेर देत असाल तर कोटेशनमध्ये चौरस सेंमीचा दर पाहून थांबू नका. विचारा: प्रीहीट किती आणि कशाने मोजणार? पावडरचा लॉट आणि तिचे सर्टिफिकेट मिळेल का? फिनिशिंगनंतर किती जाडी उरेल? डाय पेनिट्रंटचा रिपोर्ट ग्राइंडिंगच्या आधीचा की नंतरचा? आणि त्याच ग्रेडवर कापलेला एखादा तुकडा दाखवता का? हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा कपाट उघडतो की विषय बदलतो, त्यावरून पुढची बोलणी करायची की नाही ते ठरवा.